अपरिहार्य कारणास्तव...

पाहुण्याचं भाषण रद्द करायला काय लागतं? एक फुलस्केप कागद, एक पेन आणि बरं अक्षर. माझं अक्षर बरं होतं!

शुक्रवारी दुपारी चारनंतर ऑफिसात कुणी काम करत नसतं, हे तुम्हालाही माहितेय आणि तुमच्या बॉसलाही. आमच्या बाणेरच्या ऑफिसात त्या वेळी चहा, समोसे आणि व्हॉट्सअॅप असा त्रिवेणी संगम असतो. मागच्या महिन्यात अशाच एका शुक्रवारी टीमच्या ग्रुपवर लिंक येऊन पडली. 'सगळ्यांनी सही करा. अर्जंट!!'

मामला असा होता. आमची कंपनी दर तीन महिन्यांनी बाहेरचा एखादा पाहुणा बोलावते. तासभर भाषण, मग फोटो, मग हाय-टी. या वेळी ज्या गृहस्थांना बोलावलं होतं, त्यांची तीन वर्षांपूर्वीची चाळीस सेकंदांची क्लिप कुणीतरी खणून काढली होती. बाळंतपणाच्या रजेबद्दल ते काहीतरी तिरकस बोलले होते. समोरचे हसत होते. क्लिप बघून माझंही डोकं फिरलं. 'या माणसाला बोलावू नये' अशी एचआरला विनंती होती, खाली एकतीस नावं होती. बत्तिसावं माझं होणार होतं.

नाव टाइप केलं आणि बोट अडलं.

कारण अशी सही मी आधी एकदा केली आहे. सही कसली, आख्खं निवेदनच माझ्या अक्षरात होतं.

'वगळून' गेलेला तालुका

मी चंदगडची. पुण्यात हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, 'चंदीगड?' नाही हो, चंदगड. कोल्हापूर जिल्हा. मग समोरच्याचा चेहरा खुलतो. 'अच्छा, म्हणजे रंकाळा, तांबडा-पांढरा!' आता यांना कसं सांगायचं, की आमच्या गावापासून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आणि बेळगाव चाळीसच्या आसपास. लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना, नवा पिक्चर, चांगला चष्मा... आमचं सगळं बेळगावला. रंकाळा मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या ट्रिपमध्ये!

आणि यात नवल काही नाही, कारण चंदगड हा मुळात बेळगाव जिल्ह्याचाच तालुका. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पण कायद्यात एक छोटीशी सवलत होती. बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून. त्या एका 'वगळून'मुळे आम्ही इकडे राहिलो आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडले गेलो. माझ्या आईचं माहेर मात्र त्या 'वगळून'च्या पलीकडे. म्हणजे दिवाळीला आजोळी जायचं तर राज्य ओलांडायचं. शिनोळी मागे पडली की दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलते, आणि आजीच्या घरात शिरलं की परत सगळं मराठी. लहानपणी हे गमतीचं वाटायचं. कॉलेजात आल्यावर गंमत संपली.

२०१४ च्या जुलैमध्ये येळ्ळूरचं प्रकरण झालं. बेळगावजवळच्या या गावातला 'महाराष्ट्र राज्य' असा फलक हटवण्यात आला आणि २७ जुलैला तिथे पोलिसांनी लाठीमार केला. घराघरांतून माणसांना मारत नेतानाची दृश्यं टीव्हीवर दिवसभर फिरत होती. आमच्याकडे घराघरात कुणाचा तरी मामा, कुणाची तरी मावशी पलीकडे. आम्ही थर्ड इयरची पोरं. रक्त नुसतं उसळत होतं. करायचं काय, ते मात्र कळत नव्हतं.

आणि नेमकं त्याच ऑगस्टमध्ये कॉलेजच्या नोटीस बोर्डवर वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाची सूचना लागली. प्रमुख पाहुणे, बेळगावचे एक निवृत्त कन्नड प्राध्यापक.

बस्स! करायचं काय, ते आम्हाला सापडलं.

निवेदन आणि कांदाभजी

कँटीनमध्ये आठ-दहा जण जमलो. बाहेर चंदगडचा पाऊस, म्हणजे समोरचं झाड दिसणार नाही असा. टेबलावर भजी. 'आपल्या माणसांना तिकडं मारत्यात आणि हितं आपण त्यांना हार घालायचे व्हय?' एकाने सुरुवात केली. दुसरा म्हणाला, 'आला तर स्टेजवर चढायचं.' तिसरा म्हणाला, 'तसं नको भावा, निवेदन देऊ. रीतसर.' मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं अक्षर चांगलं होतं ना!

'सीमाभागातील मराठी बांधवांवर झालेल्या अन्यायाच्या पार्श्वभूमीवर सदर कार्यक्रम तातडीने रद्द करावा, अन्यथा होणाऱ्या परिणामांस महाविद्यालय प्रशासन जबाबदार राहील.' हे वाक्य माझं. 'अन्यथा' शब्दाखाली मी रेघसुद्धा मारली होती. पंचेचाळीस सह्या झाल्या. काहींनी कागद न वाचताच सही केली, कारण भजी गार होत होती.

प्राचार्यांनी निवेदन वाचलं आणि एकच प्रश्न विचारला. 'ते कशावर बोलणार आहेत, माहितेय का तुम्हाला?'

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नोटिशीवर विषय लिहिलेला होता, पण आमची नजर 'कन्नड' या शब्दापुढे गेलीच नव्हती. कुणीतरी म्हणालं, 'सर, विषयाचा प्रश्न नाही.'

संध्याकाळी बोर्डवर नवी सूचना लागली. 'अपरिहार्य कारणास्तव उद्याचा कार्यक्रम रद्द करण्यात येत आहे.' आम्ही टाळ्या वाजवल्या. जिंकल्यासारखं वाटलं, अगदी खरं सांगते.

पण फोनला रेंज नसणं ही आमच्या तालुक्याची खासियत. मराठीच्या सरांनी पाहुण्यांना रात्री आणि सकाळी फोन लावून पाहिले. लागला तेव्हा पाहुणे शिनोळी, पाटणे फाटा ओलांडून चंदगडच्या स्टँडवर उतरत होते. मी त्या दिवशी उशिरा निघाले होते. स्टँडवर पाहते तर सर छत्री धरून उभे, शेजारी एक सत्तरीचे आजोबा. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीला वरून प्लॅस्टिक गुंडाळलेलं. आत पुस्तकं होती, कोपरे दिसत होते. सरांनी त्यांना चहा पाजला आणि तिकीट काढायला गेले.

आजोबा माझ्याकडे वळून स्वच्छ मराठीत म्हणाले, 'ताई, बेळगावची गाडी इथंच लागते ना?'

मी म्हटलं, 'हो.' पुढे काहीच बोलले नाही. निवेदन मीच लिहिलंय, हे सांगायची हिंमत नव्हती. आणि गंमत बघा, माझ्या उशाशी तेव्हा भैरप्पांची 'वंशवृक्ष' होती, उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेली. कन्नड लेखक वाचायला चालत होता, बोलायला नको होता!

पलीकडून तेच

पुढे सहा वर्षांनी मला या प्रसंगाची दुसरी बाजू दिसली. बेळगाव आणि खानापूरकडच्या मराठी खेड्यांत हिवाळ्यात साहित्य संमेलनं भरतात. मंडप, ग्रंथदिंडी, भाषणं, कविसंमेलन. महाराष्ट्रातून पाहुणे जातात, गावची माणसं थंडीत बसून ऐकतात. जानेवारी २०२० मध्ये खानापूर तालुक्यातल्या इदलहोंडच्या संमेलनाला निघालेल्या श्रीपाल सबनीसांना कर्नाटक पोलिसांनी जाऊ दिलं नाही. अखिल भारतीय संमेलनाचे माजी अध्यक्ष, पण खेड्यातल्या संमेलनात बोलायला बंदी. कारण? कायदा आणि सुव्यवस्था.

बातमी वाचून मी संतापले. फेसबुकवर तावातावाने पोस्ट टाकायला घेतली. 'साहित्यिकाला घाबरणारं सरकार...' वगैरे वगैरे. अर्ध्यावर थांबले. तिथल्या पोलिसांना माहीत होतं का, सबनीस काय बोलणार होते? नसणारच. त्यांच्यासाठीही 'विषयाचा प्रश्न' नव्हता. पाहुणा कुठून येतोय, एवढंच पुरेसं होतं. हे तर माझंच निवेदन होतं, फक्त खाली शिक्का सरकारी!

मी पोस्ट टाकली नाही. पण त्या दिवसापासून अशा बातम्या वेगळ्या नजरेने वाचायला लागले.

यादी मोठी आहे, बाजू सगळ्या आहेत

ही सवय आजची नाही. १८७५ साली पुण्यात स्वामी दयानंद सरस्वतींची व्याख्यानं झाली, त्यांची मिरवणूक निघाली, तर विरोधकांनी 'गर्दभानंदाचार्य' म्हणून गाढवाची मिरवणूक काढली. दयानंदांच्या मिरवणुकीत न्यायमूर्ती रानडे होते, जोतीराव फुले होते. रानडेंच्याच पुढाकाराची वसंत व्याख्यानमालाही त्याच १८७५ ची. म्हणजे बोलणाऱ्याला व्यासपीठ देणं आणि बोलणाऱ्याची टर उडवणं, दोन्ही आपल्याकडे एकाच वर्षी, एकाच शहरात जोरात होतं. पण दयानंद बोलले, हे महत्त्वाचं.

आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. कागलचे आनंद यादव. 'झोंबी' लिहिणारे. २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे ते निवडून आलेले अध्यक्ष. 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवरून वारकरी संघटनांनी विरोध केला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, शेवटी अध्यक्षपदही सोडलं. संमेलन अध्यक्षाविनाच पार पडलं.

दहा वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनाचं उद्घाटन नयनतारा सहगल करणार होत्या. इंग्रजीत लिहिणाऱ्या बाई मराठी संमेलनाला कशाला, असा आक्षेप निघाला, संमेलन उधळण्याचा इशारा आला आणि आयोजकांनी निमंत्रणच मागे घेतलं. या 'परक्या' बाईंचे वडील रणजित पंडित मूळचे आपल्या कोकणातल्या बांबुळीचे. कल्हणाची 'राजतरंगिणी' संस्कृतातून इंग्रजीत नेणारे. म्हणजे भाषांतरकाराचीच मुलगी! आणि झालं काय? न झालेलं ते भाषण वर्तमानपत्रांनी छापलं आणि एरवी संमेलनाच्या वाटेला न जाणाऱ्यांनीही ते वाचलं.

कॉलेजकडे येऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये फादर स्टॅन स्वामी यांच्या नावाचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय होता पोटासाठी होणारं स्थलांतर. स्टॅन स्वामी हे एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी. जुलै २०२१ मध्ये, खटला उभा राहण्याआधीच, ते कोठडीत असताना वारले. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने आक्षेप घेतला. दहशतवादविरोधी कायद्याखाली आरोपी असलेल्या माणसाचा गौरव कॉलेजात कसा, असा त्यांचा सवाल. व्याख्यान रद्द झालं. आता हा सवाल विचारण्याजोगा आहे की नाही? आहे, नक्की आहे. पण तो सभागृहात, माइकसमोर विचारता आला असता. तो विचारला गेला प्रशासनाला आणि उत्तर मिळालं ते 'रद्द'. स्थलांतराबद्दल वक्ता काय म्हणणार होता, ते दोन्ही बाजूंच्या मुलांना कळलंच नाही.

हे सगळं एकाच रंगाच्या झेंड्याखाली होतं, असं समजू नका. २०१३ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या व्हॉर्टनच्या इंडिया इकॉनॉमिक फोरममध्ये तेव्हाचे गुजरातचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी व्हिडिओवरून बोलणार होते. विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी विरोधाचं पत्र काढलं, सह्या जमल्या, भाषण रद्द झालं. तिथले सही करणारे स्वतःला उदारमतवादी म्हणवणारे होते. कारणं वेगळी, माणसं वेगळी, कागद तोच.

निदर्शनं वेगळी, निवेदन वेगळं

'मग काय, गप्प बसून ऐकायचं?' माझ्या टीममधल्या मुलीने मला हेच विचारलं. अजिबात नाही. पाहुण्याला विरोध करायचा हक्क तुम्हाला आहेच. दारात उभे राहा, काळ्या फिती लावा, पत्रक वाटा, भाषण चालू असताना उठून निघून जा. नोव्हेंबर २००५ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग दिल्लीत जेएनयूमध्ये गेले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांना काळे झेंडे दाखवले. मुलांचा निषेध झाला आणि पंतप्रधानांचं भाषणही झालं. दोघांचंही म्हणणं लोकांपर्यंत पोचलं.

रद्द करण्याची मागणी ही वेगळीच चीज आहे. तिथे तुम्ही पाहुण्याला फक्त 'मी ऐकणार नाही' असं सांगत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीला 'तूही ऐकायचं नाहीस' असं सांगता. आमच्या कॉलेजात सातशे-आठशे पोरं होती. आम्ही पंचेचाळीस. बाकीच्यांना कुणी विचारलं?

आणि खरी मेख पुढे आहे. संस्था रद्द का करते? पटलं म्हणून नाही. तालुक्याच्या गावातल्या प्राचार्याचा विचार करा. संस्थाचालक फोन करतात, 'कशाला नसती कटकट?' पोलीस सांगतात, 'बंदोबस्ताला माणसं नाहीत, बघा तुम्हीच.' उद्या काच फुटली तर जबाबदार कोण? आमच्या निवेदनातल्या त्या रेघ मारलेल्या 'अन्यथा'चं काम हेच होतं. आम्ही कुठलाही मुद्दा जिंकलो नव्हतो, फक्त एका माणसाला घाबरवलं होतं. 'अपरिहार्य कारण' म्हणजे आम्हीच!

कायदा याबाबतीत बराच स्पष्ट आहे. घटनेचं कलम १९ बोलण्याचं स्वातंत्र्य देतं आणि त्यातच वाजवी बंधनंही सांगतं. चिथावणी, बदनामी, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. पण एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या १९८९ च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येणार नाही, सुव्यवस्था राखणं हे सरकारचं कामच आहे. तो खटला एका तामिळ सिनेमाचा होता. पण तत्त्व एकच. धमकी देणाऱ्याला आवरा, बोलणाऱ्याला नको.

याचा अर्थ प्रत्येकाला बोलावलंच पाहिजे, असा नाही. आमंत्रण हा कुणाचा हक्क नसतो. कुणाला बोलवायचं यावर बोलावण्याआधी भरपूर भांडा. आणि एखादा माणूस उघडउघड 'अमक्यांना ठोका' म्हणत असेल, तर तो प्रश्न पोलिसांचाच आहे. पण आपल्या बहुतेक निवेदनांतला पाहुणा असा नसतो. तो फक्त 'आपला' नसतो.

आमच्या थर्ड इयरचं ते वर्ष मला आणखी एका कारणाने विसरता येत नाही. शिवाजी विद्यापीठात कॉम्रेड गोविंद पानसरे गोडसेच्या उदात्तीकरणाविरुद्ध बोलले, तेव्हा तिथेच त्यांना आक्षेप घेतला गेला, खटला भरण्याची भाषा झाली. त्यानंतर काही आठवड्यांनी, १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी कोल्हापुरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला ते गेले. या दोन गोष्टींची मी सांगड घालत नाहीये. आक्षेप घेणाऱ्याला मारेकरी म्हणणं हा अन्याय होईल. विद्यापीठात जे झालं, ते तर व्हायलाच हवं होतं. एक बोलला, दुसऱ्याने तोंडावर विरोध केला. पण ती बातमी ऐकली तेव्हा वर्गात सगळे गप्प होते, आणि मला आमचा 'अन्यथा' आठवला. आमच्या मनात काचेपलीकडे काही नव्हतं. पण शब्द तोच होता.

सही करण्याआधी

उपदेश नाही, माझ्या चुकीतून निघालेली चेकलिस्ट समजा.

१. पाहुणा कशावर बोलणार आहे, ते वाचलंय का? (आम्ही वाचलं नव्हतं.)

२. क्लिप चाळीस सेकंदांची आहे. मूळ भाषण किती मिनिटांचं? ते कुणी पाहिलंय?

३. माझा राग या माणसावर आहे, की तो ज्यांच्यातला आहे त्यांच्यावर?

४. उद्या दुसऱ्या बाजूने माझ्या आवडत्या वक्त्याबद्दल असंच निवेदन दिलं, तर मला चालेल?

५. 'रद्द करा'ऐवजी 'प्रश्नांना वेळ द्या' असं लिहिता येईल का?

मग ऑफिसात काय झालं?

मी सही केली नाही. पण गप्पही बसले नाही. ग्रुपवर लिहिलं, 'पूर्ण भाषण कुणी ऐकलंय?' पाच मिनिटं शांतता. ग्रुपवर पाच मिनिटं म्हणजे युगच! मग तिघी म्हणाल्या, ऐकू या. शनिवारी ऐकलं. सव्वा तासाचं होतं. क्लिपमधलं वाक्य होतंच, तितकंच वाईट. आधी-नंतर ऐकूनही ते सुधारलं नाही. म्हणजे आमचा राग खोटा नव्हता. पण आता आमच्याकडे नुसता राग नव्हता, प्रश्न होते.

आम्ही एचआरला नवा मेल लिहिला. पाहुण्यांना येऊ द्या, पण शेवटची वीस मिनिटं प्रश्नांना ठेवा आणि प्रश्न आधी मागू नका. दोघींना हे पटलं नाही, त्या त्या दिवशी बाहेर बसल्या. तेही बरोबरच. पाहुणे आले. भाषण, खरं सांगायचं तर, सुमार झालं. प्रश्नोत्तरांत आमच्या टीमच्या मुलीने, जी स्वतः रजेवरून नुकतीच परत आली होती, ते वाक्य त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. गृहस्थ आधी हसले, मग गडबडले, मग 'मी तसं बोलायला नको होतं' म्हणाले. मनापासून म्हणाले की सुटका म्हणून, देव जाणे. पण सव्वाशे लोकांसमोर म्हणाले. सह्यांच्या कागदाने हे झालं नसतं.

त्या रात्री मी मराठीच्या सरांना फोन केला. किती वर्षांनी! ते आता निवृत्त, चंदगडलाच असतात. इकडचं-तिकडचं झाल्यावर धीर करून म्हटलं, 'सर, ते २०१४ चं निवेदन... ते मी लिहिलं होतं.'

सर हसले. 'माहितेय गं. तीन वर्षं तुझे पेपर तपासले मी. अक्षर ओळखणार नाही होय?'

मला काय बोलावं सुचेना. मग म्हटलं, त्या आजोबांना एकदा भेटायला येईन म्हणते. सर म्हणाले, 'ते गेले. कोविडच्या आदल्या वर्षी.' थोडं थांबून म्हणाले, 'त्यांनी भाषण लिहून आणलं होतं. गाडीत बसताना माझ्याकडे दिलं, म्हणाले, मुलांना वाचायला द्या. मी दिलं नाही कुणाला. तेव्हा तुम्ही वाचलं नसतं.'

दुसऱ्या दिवशी सरांनी नऊ पानांचे फोटो पाठवले. मराठीत, वळणदार अक्षरात. विषय होता, 'मराठी कादंबरी कन्नडात नेताना'. सीमाप्रश्नाचा त्यात शब्द नव्हता. बेंद्रे होते, घरी मराठी बोलणारे, सोलापुरात शिकवणारे आणि कन्नड कवितेसाठी १९७३ चं ज्ञानपीठ मिळवणारे. आपल्या ताटातलं 'तूप' कन्नड 'तुप्प'वरून आलं, हे होतं. आणि नात्यांचे शब्द भाषांतर करताना कसे फसवतात, यावर पान-दीड पान होतं. मराठी 'आत्या' कन्नडात नेली की 'अत्ते' होते, आणि 'अत्ते' सासूही असते. त्यामुळे कादंबरीतली प्रेमळ आत्या वाचकाला एकदम सासू वाटायला लागते! तसंच 'ताई'. कन्नडात 'तायी' म्हणजे आई. मराठी कादंबरीतल्या ताईला कन्नडात 'अक्का' करावं लागतं, नाहीतर बहिणीची आई होते, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे कंसात, 'पण आमच्याकडे लहान मुलीलाही मायेनं तायी म्हणतात, ते मराठीत कसं आणायचं, मला अजून जमलेलं नाही.'

मला चंदगडचा स्टँड आठवला. 'ताई, बेळगावची गाडी इथंच लागते ना?' मला वाटलं होतं, ते मराठीत बोलतायत.

नवव्या पानाच्या तळाशी त्यांनी रेघ मारून लिहिलं होतं, 'मुलांचे प्रश्न : अर्धा तास.'

आता मला प्रश्नच प्रश्न पडलेत. विचारू कुणाला?